आरशावरील दिवा : वाहनांच्या बाजूच्या आरशांत एलईडी बसविण्याचा विचार

मोटारीच्या बाजूचा आरसा हे मूलतः प्रकाश घेण्याचे साधन होय. मागून येणाऱ्या वाहनावरून, सायकलस्वारावरून किंवा रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसावरून येणारा प्रकाश चालकाच्या डोळ्यापर्यंत पोचविणे एवढेच त्याचे काम. गेल्या काही दशकांत ह्याच आरशाच्या कवचात दिवा बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि प्रकाश घेणाऱ्या साधनावर प्रकाश देण्याचीही जबाबदारी येऊन पडली. अनेक गाड्यांत हा दिवा कारखान्यातूनच येतो. ज्यांत तो नसतो त्यांचे मालक तो मागाहून बसवून घेतात. आणि ज्यांत असतो त्यांपैकी काही जण त्यात आपल्या आवडीची भर घालतात : कवचाच्या कडेने फिरणारी पांढरी पट्टी, धावत्या प्रकाशाचा बाण, दार उघडताच जमिनीवर पडणारे प्रकाशाचे वर्तुळ. वरवर पाहता हे काम गॅरेजमधील अर्ध्या दिवसाचे आहे. दोन तारा जोडल्या की दिवा लागतो. परंतु दिवा लागणे आणि त्या दिव्याचा अर्थ रस्त्यावरील दुसऱ्या माणसाला बरोबर कळणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधल्याच्या आनंदात दुसरीचा विसर पडतो. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या गोष्टीच्या अनुरोधाने आरशावरील दिव्याचा प्रकाशीय व विद्युतीय अंगांनी विचार करावयाचा आहे.

वळण्याचा हेतू दुसऱ्यास कळविण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे चालकाने खिडकीतून बाहेर काढलेला हात. त्यानंतर यांत्रिक हात आला. दाराजवळच्या खांबात दडलेली वीतभर लांबीची एक पट्टी कळ दाबताच आडवी बाहेर येई आणि आतील लहानशा दिव्याने उजळे. युरोपातील गाड्यांवर हे साधन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास दिसे. त्या काळी भारतात आलेल्या ब्रिटिश बनावटीच्या कित्येक गाड्यांवरही ते होते. १९३९ साली अमेरिकेतील ब्यूइक गाड्यांच्या मागील बाजूस लुकलुकणारे दिशादर्शक दिवे आले, आणि पुढे गाडीच्या चारही कोपऱ्यांवर असे दिवे बसविण्याची पद्धत जगभर स्थिरावली. ह्या बदलात एक गोष्ट मात्र हरवली. हात चालकाचा असो की यांत्रिक, तो गाडीच्या कुशीतून बाहेर येत असे. म्हणून शेजारून जाणाऱ्यालाही तो दिसे. दिवे कोपऱ्यांवर गेले आणि शेजारचा मनुष्य संकेताच्या कक्षेबाहेर पडला. त्याला पुन्हा आत घेण्यासाठी आधी पुढच्या चाकावरील पत्र्यावर लहान दिवा आला आणि मग तोच आरशाच्या कवचात सरकला. १९९६च्या फोर्ड ब्राँको गाडीच्या बाजूच्या आरशांत वळणाचा संकेत देणारे दिवे होते. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ही गोष्ट नवलाईची राहिली नाही. आरशावरील दिवा म्हणजे त्या जुन्या यांत्रिक हाताचेच पुनरागमन होय असे म्हटल्यास ते अवास्तव ठरणार नाही.

ह्या दिव्याचा खरा वाचक कोण, हे एका साध्या आकृतीवरून स्पष्ट होते. गाडीच्या बगलेपासून एक मीटर अंतरावरून एक दुचाकीस्वार गाडीला समांतर चालला आहे असे मानावे. आरसा गाडीच्या अंगापासून सुमारे २० सेंटिमीटर बाहेर असतो; म्हणजे आरशावरील दिव्यापासून स्वाराचे आडवे अंतर ८० सेंटिमीटर राहिले. स्वार आरशाच्या दोन मीटर मागे असेल तर दिव्यापासून त्याच्याकडे जाणारी रेषा गाडीच्या लांबीशी सुमारे २२ अंशांचा कोन करते. चार मीटर मागे असेल तर सुमारे ११ अंशांचा. ह्या दोन्ही ठिकाणी पुढच्या कोपऱ्यावरील दिवा त्याला गाडीच्या पत्र्याआड झाकलेला असतो आणि मागचा दिवा एक तर त्याच्या मागे पडलेला असतो किंवा नजरेच्या पार टोकाला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमावलीतील दिव्यांच्या मांडणीविषयीचे नियम बाजूच्या दिशादर्शक दिव्याचे दृश्यक्षेत्र मागच्या दिशेने ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत असावे असे सांगतात. वरील स्वाराच्या बाबतीत हे क्षेत्र आरशाच्या मागे सुमारे अर्ध्या मीटरपासून नऊ मीटरपर्यंत पसरते. हीच ती जागा, जेथे स्वार चालकाच्या आरशातून निसटलेला असू शकतो आणि चालकाचा संकेतही अन्यथा त्याच्यापासून निसटतो. मिशिगन विद्यापीठाच्या परिवहन संशोधन संस्थेत २००३ साली झालेल्या भूमितीय अभ्यासाचाही कल असाच आहे : शेजारच्या पट्ट्यातील चालकांना पत्र्यावरील दिव्यापेक्षा आरशावरील दिवा दिसण्याची शक्यता अधिक. भारतीय रस्त्यांवर डाव्या बाजूने पुढे घुसणाऱ्या दुचाकींची संख्या पाहता डाव्या आरशावरील दिव्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

येथे एक आकडा विचार करावयास लावणारा आहे. त्याच नियमावलीत सामान्य मोटारीच्या बाजूच्या दिशादर्शकास लागणारी किमान प्रकाशतीव्रता ०.६ कँडेला एवढीच आहे. लांब वाहनांसाठी असलेल्या दुसऱ्या वर्गास ती ५० कँडेला लागते. ०.६ कँडेला म्हणजे एका मेणबत्तीच्या ज्योतीहूनही कमी. ही किमान मर्यादा आहे आणि भर दुपारी तेवढ्याने भागणार नाही, हे खरे. तरी नियमकर्त्यांचा भर दिव्याच्या प्रखरतेपेक्षा त्याच्या पसरणीवर आहे, हे उघड दिसते. बाजारात विक्रेता ज्याची प्रौढी सांगतो ती प्रखरता येथे दुय्यम होय. अरुंद झोताचा, म्हणजे १५ ते ३० अंशांच्या शंकूत प्रकाश सांडणारा, एलईडी सरळ मागे रोखून बसविला तर त्याच्या अक्षावर तो डोळे दिपवितो आणि ४०-५० अंशांवर असलेल्या स्वाराला जवळजवळ काळा दिसतो. म्हणून रुंद कोनाचे एलईडी निवडणे, ते किंचित निरनिराळ्या दिशांना वळवून बसविणे किंवा त्यांच्यापुढे खाचा असलेले प्रकाश पसरविणारे आवरण ठेवणे, ह्यांपैकी काही तरी करावेच लागते.

आता दिव्याच्या अंतरंगाकडे वळावयास हरकत नाही. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजे रूढ भाषेतील एलईडी, हा अर्धसंवाहकाचा जोड होय. जोडातून प्रवाह जात असता इलेक्ट्रॉन व विवर ह्यांचा संयोग होऊन सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्या प्रकाशाचा रंग द्रव्याच्या ऊर्जा-अंतरावर ठरतो. १९०७ साली राउंड ह्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकात पाहिलेला मंद उजेड, १९६२ साली होलोन्याक ह्यांनी केलेला तांबडा एलईडी, १९७२ साली क्रॅफर्ड ह्यांनी केलेला पिवळा आणि अखेरीस ज्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्यांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले तो निळा, हा इतिहास परिचित आहे. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या तुकड्यावर पिवळे प्रतिदीप्त द्रव्य चढवून केलेला. दिशादर्शकास मात्र अंबर हा पिवळसर नारिंगी रंग लागतो आणि तेथे अर्धसंवाहकशास्त्राची एक अडचण आडवी येते. हा रंग ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम व फॉस्फरस ह्यांच्या संयुगापासून मिळवितात. ह्या संयुगात तांबड्याकडून पिवळ्याकडे जावयाचे म्हणजे ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढवावयाचे, आणि ते वाढू लागले की द्रव्य अप्रत्यक्ष ऊर्जा-अंतराच्या सीमेकडे सरकते. प्रकाश देणाऱ्या संयोगांचे प्रमाण घटते व वाहक जोडातून निसटू लागतात. तपमान वाढले की ही गळती आणखी वाढते. परिणामी खोलीच्या तपमानापासून १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत अंबर एलईडीचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. पांढऱ्याच्या बाबतीत ही घट पुष्कळच कमी असते.

घट केवळ प्रकाशाचीच होते असे नाही. तपमानाच्या प्रत्येक अंशाला अंबर एलईडीची प्रभावी तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटरने तांबड्याकडे सरकते. नियमांतील अंबर रंगाच्या मर्यादा वर्णसंगती-आलेखावर रेषांनी आखलेल्या आहेत; शुद्ध वर्णपटीय प्रकाशापुरते पाहिल्यास त्या सुमारे ५८८ ते ५९६ नॅनोमीटर एवढ्याच पट्ट्यात येतात. म्हणजे खोलीत ५९० नॅनोमीटरचा असलेला दिवा ६० अंशांनी तापला की तो मर्यादेच्या तांबड्या काठावर येऊन उभा राहतो. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात हवेचेच तपमान ४५ अंशांच्या घरात जाते; काळ्या प्लॅस्टिकच्या बंद कवचात, उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर ते किती वाढत असेल ह्याची कल्पना करावी. एलईडी थंड प्रकाश देतो हा समज अर्धवट आहे. त्याच्या झोतात उष्णता नसते. ती मागे, जोडाशी साचते आणि तेथून तिला वाट करून द्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसविलेला एलईडी आणि नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर प्लॅस्टिकला डकविलेला एलईडी ह्यांच्या आयुष्यात फरक पडतो तो ह्यामुळे.

विद्युतीय जोडणीत सर्वांत अधिक फसगत होते ती ‘१२ व्होल्ट’ ह्या शब्दाने. गाडीची बॅटरी नावाने १२ व्होल्टची. परंतु एंजिन चालू असता अल्टरनेटर तारांवरील दाब सुमारे १३.५ ते १४.५ व्होल्ट ठेवतो. बाजारातील पट्टीत दर तीन एलईडींनंतर कापण्याची खूण असते, कारण तीन एलईडी व एक रोधक असा तिचा एक गट असतो. पांढऱ्या एलईडीवर ३.१ व्होल्ट पडतात असे धरल्यास तिघांचे ९.३ व्होल्ट झाले. रोधक १५० ओहमचा असेल तर १२ व्होल्टला उरलेले २.७ व्होल्ट त्याच्यावर पडून १८ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हे ठीकच आहे. गाडीत दाब १४.२ व्होल्ट झाला की रोधकावर ४.९ व्होल्ट पडतात आणि प्रवाह ३२.७ मिलिअँपिअरवर जातो. प्रवाह वाढल्यावर एलईडीवरील दाबही किंचित वाढतो, त्याचा हिशेब येथे सोडून दिला आहे. दाब १८ टक्क्यांनी वाढला तर प्रवाह ८० टक्क्यांहून अधिक वाढला आणि रोधकात निर्माण होणारी उष्णता ०.०४९ वॅटवरून ०.१६ वॅटवर, म्हणजे तिपटीच्या वर गेली. रोधकाची क्षमता अष्टमांश वॅट, म्हणजे ०.१२५ वॅट असेल तर ती ओलांडली गेली. कपाटात वर्षानुवर्षे टिकणारी पट्टी आरशावर एका हंगामात का करपते, ह्याचे उत्तर एवढ्या अंकगणितात आहे.

अंबर एलईडींची जोडणी स्वतः करावयाची झाल्यास निवडीचा प्रश्न अधिक रंजक होतो. प्रत्येक एलईडीवर २.१ व्होल्ट धरून तीन एलईडी एकापुढे एक जोडले आणि १४.२ व्होल्टला २० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर ३९५ ओहमचा रोधक लागतो. बाजारात ३९० ओहमचा मिळतो. एंजिन बंद असता दाब १२ व्होल्टवर आला की प्रवाह १४.६ मिलिअँपिअर होतो. घट २८ टक्के. डोळ्याला ती फारशी जाणवणार नाही. मात्र ह्या मांडणीत निम्म्याहून अधिक वीज रोधकात नुसती उष्णता होऊन जाते. ती वाचविण्यासाठी पाच एलईडी एका साखळीत घेतले तर सुमारे तीन-चतुर्थांश वीज एलईडींना मिळते आणि रोधक १८० ओहमचा पुरतो. पण आता १२ व्होल्टला प्रवाह ८.३ मिलिअँपिअरवर, म्हणजे मूळच्या जेमतेम ४० टक्क्यांवर येतो. काटकसर आणि स्थैर्य ही येथे परस्परांच्या विरुद्ध दिशांना ओढतात. बंद पडलेल्या गाडीचे चारही दिशादर्शक रात्री रस्त्याकडेला लुकलुकत ठेवण्याची वेळ नेमकी एंजिन बंद असतानाच येते. तेव्हा पाचांची साखळी काटकसरीची असली तरी शहाणपणाची नव्हे. दोन्ही दोषांतून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे रोधकाऐवजी स्थिर प्रवाह देणारा मंडल-तुकडा वापरणे. त्याची किंमत आता फार राहिलेली नाही.

रोजच्या ह्या चढउताराखेरीज क्षणिक उसळ्याही असतात. चार्ज होत असलेल्या बॅटरीचा जोड अकस्मात निसटला तर अल्टरनेटरचा दाब, तो आवरण्याची सोय नसल्यास, क्षणभर ८० ते १०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. कारखान्याचा दिवा ही उसळी गृहीत धरून रचलेला असतो; सुट्या बाजारातील पट्टी सहसा नसते. म्हणून संरक्षक द्विप्रस्थ आणि त्या फाट्यापुरता स्वतंत्र लहान फ्यूज ह्या दोन गोष्टी वगळता येत नाहीत. फ्यूजच्या अलीकडून घेतलेली तार आरशाच्या बिजागरीत चिमटली गेली तर काय होईल हे सांगावयास नको. बिजागरीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आरसा दुमडला-उघडला जातो तेव्हा तारेचा तेवढाच भाग पुनःपुन्हा वाकतो. डाख दिलेला ताठ सांधा नेमका तेथे आला तर तो प्रथम तुटतो, तोही पाण्यापावसात. सांधा बिजागरीपासून दूर ठेवणे आणि तारेला थोडी सैल लांबी देणे हा जुन्या कारागिरांचा रिवाज येथे पूर्णतः शास्त्रशुद्ध ठरतो.

लुकलुकण्याचा विषय जरा निराळा आहे. दिशादर्शक मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा, असे नियम सांगतो. जुना तापी फ्लॅशर दिव्यांतून जाणाऱ्या प्रवाहानेच तापून मंडल तोडी. एक दिवा गेला की प्रवाह घटे आणि लय मंदावे किंवा थांबे. इलेक्ट्रॉनीय फ्लॅशर उलट वागतो. एक दिवा गेल्याचे कळताच तो लय सुमारे दुप्पट करतो. दोन्ही पद्धतींत चालकाला काही तरी कळते, हे महत्त्वाचे. गाडीच्या एका बाजूस २१ वॅटचे दोन व ५ वॅटचा एक असे ४७ वॅटचे दिवे असतील तर आरशात भर घातलेल्या एखाद्या वॅटच्या एलईडीने ह्या लयीत फरक पडत नाही. परंतु हौस तेथे थांबत नाही. कोपऱ्यांवरील तारदिवेही काढून एलईडी घातले जातात, प्रवाह घटतो, फ्लॅशरला दिवा गेल्यासारखे वाटते व तो घाईघाईने लुकलुकू लागतो. त्यावर उपाय म्हणून ६ ओहमचा एक रोधक दिव्याला समांतर जोडतात. १४.२ व्होल्टला तो ३३ वॅटहून अधिक उष्णता देतो; प्लॅस्टिकला टेकला तर ते वितळविण्यास एवढी पुरे. पण उष्णता हा त्याचा लहान दोष होय. मोठा दोष असा की एलईडी पुढे निकामी झाला तरी रोधक प्रवाह ओढीतच राहतो, आणि आपला दिवा जळतो आहे अशी खोटी ग्वाही चालकाला मिळत राहते. नव्या गाड्यांत फ्लॅशरऐवजी संगणकीय नियंत्रक असतो. दिवे शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्यांतील काही नियंत्रक विझलेल्या दिव्यांतूनही अत्यल्प काळाचे स्पंद सोडतात. तारदिव्याला त्यांची जाणीवही होत नाही. एलईडी मात्र प्रत्येक स्पंदाला मंदपणे उजळतो आणि बंद असलेला दिशादर्शक अंधारात थरथरताना दिसतो. अशा गाडीत दिशादर्शकाच्या तारेकडून केवळ आज्ञा घ्यावी आणि शक्ती निराळ्या, फ्यूज असलेल्या फाट्यावरून द्यावी, हे बरे.

आणखी एक चूक वारंवार घडते. दोन्ही आरशांवरील पट्ट्या रात्री सतत मंद जळाव्यात आणि वळताना त्या-त्या बाजूची पट्टी लुकलुकावी, म्हणून दोन्ही बाजूंच्या तारा एका बिंदूला आणून जोडतात. मध्ये एकदिश द्विप्रस्थ न घातल्यास डावीकडचा प्रवाह त्या बिंदूतून उजवीकडे जातो आणि गाडी एकाच वेळी दोन्ही बाजूंना वळत असल्याचे सांगते.

एलईडीचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. तारदिव्याची तार तापून पूर्ण उजळण्यास सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. एलईडी तत्काळ उजळतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एक-पंचमांश सेकंदात पाच मीटर पुढे जाते. धावता बाण दाखविणाऱ्या पट्ट्यांत हा गुण अंशतः परत गमावला जातो, कारण बाण पूर्ण होईपर्यंत पाहणाऱ्यास थांबावे लागते. १९६५च्या फोर्ड थंडरबर्डच्या मागील दिव्यांत असा क्रमवार प्रकाश होता आणि त्याचे आकर्षण आजही आहे. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत अशा दिव्याने २०० मिलिसेकंदांच्या आत संपूर्ण उजळावे आणि प्रकाश आतून बाहेरच्या दिशेनेच सरकावा, अशी अट आहे. उलट्या दिशेने धावणारा बाण पाहणाऱ्याला विरुद्ध दिशेचीच सूचना देतो. तसेच पांढऱ्या पट्टीच्या कुशीत लुकलुकणारा अंबर दिवा पांढऱ्याच्या प्रखरतेत विरून जातो. म्हणून अंबर चालू असताना त्या बाजूचा पांढरा विझविणारी योजना हवी.

येथवर दिवा बाहेरच्या माणसाला कसा दिसतो हे पाहिले. आरशावरील दिव्याचे वैशिष्ट्य असे की तो आतल्या माणसाच्याही डोळ्याजवळ असतो, आणि बहुतेक हौशी बांधणींत दुर्लक्षित राहतो तो हाच भाग. दृष्टिक्षेत्रात कडेला असलेला प्रखर बिंदू डोळ्याच्या आतील माध्यमांत विखुरला जाऊन दृश्यावर एक पातळ प्रकाशाचा पडदा पसरवितो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हॉलाडे व स्टाइल्स ह्यांच्या कार्यातून निघालेल्या सूत्रानुसार ह्या पडद्याची दीप्ती डोळ्यावरील प्रदीपनाच्या दहापटीला कोनाच्या वर्गाने भागून मिळते. आरशाच्या कवचातून आतल्या बाजूस केवळ अर्ध्या कँडेलाची गळती होत आहे आणि डोळा एक मीटरवर आहे असे समजावे. डोळ्यावर अर्धा लक्स प्रदीपन पडले. चालकाची नजर समोर असून दिवा तिच्यापासून ३० अंशांवर असेल तर पडद्याची दीप्ती दर चौरस मीटरला ०.००६ कँडेलाहून कमी. ती कुणाला जाणवणारही नाही. आता चालकाने वळण्यापूर्वी आरशात पाहिले. तोच दिवा नजरेपासून ३ अंशांवर आला आणि पडदा शंभरपटीने दाट होऊन सुमारे ०.५६ कँडेला झाला. दिवे असलेल्या मोठ्या रस्त्याची दीप्ती अर्धा ते दोन कँडेला असते. दिवे नसलेल्या रस्त्यावरील काळ्या कपड्यांतील सायकलस्वाराची तिच्या एका लहान अंशाएवढी. म्हणजे ज्या क्षणी चालक आरशात त्या स्वाराला शोधतो, नेमक्या त्याच क्षणी त्याचा स्वतःचा दिवा स्वाराला पुसून टाकतो; आणि दिशादर्शक चालू असल्यामुळे दिवा जळण्याचा क्षणही नेमका तोच असतो. समोर पाहत गाडी हाकताना दिवा मुळीच त्रास देत नाही, म्हणून मालकाला आपल्या कामात काही उणे आहे असे वाटत नाही. ह्या दोषाची कपटी बाजू हीच.

उपाय साधा आहे. कवचाच्या आतल्या कडेला काळी, प्रकाश न जाऊ देणारी कड ठेवावी, आणि दिव्याचे आवरण चालकाच्या डोळ्यापासून सरळ रेषेत दिसू नये. बाजूच्या खिडकीच्या काचेवर पडणारे प्रतिबिंब व पावसाच्या थेंबांतून होणारे विखुरण ह्यांचाही विचार हवा. काही नव्या गाड्यांत आरशाच्या काचेतच एक लहानशी अंबर खूण उजळून शेजारी वाहन असल्याचा इशारा देते. अशा काचेच्या कडेने अंबर पट्टी बसविणे म्हणजे त्या इशाऱ्याचा अर्थच घालवून टाकणे होय.

दार उघडताच जमिनीवर उजेड पाडणारा दिवा मात्र ह्या सर्व आक्षेपांतून बराचसा सुटतो. २० ल्यूमेनचा साधा पसरट एलईडी खाली रोखल्यास त्याच्या अक्षावर सुमारे ६.४ कँडेला तीव्रता मिळते, आणि एक मीटर खाली जमिनीवर ६.४ लक्स. पौर्णिमेच्या चांदण्याचे प्रदीपन साधारणतः पाव लक्सच्या आसपास असते. पावसाळ्यातील डबके, उघडे गटार किंवा फुटपाथची कड दिसण्यास एवढा उजेड पुष्कळ झाला. गाडी सुरू होताच तो विझला पाहिजे, एवढीच अट.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०८व्या नियमाचा गाभा असा की वाहनाने पुढे तांबडा व मागे तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखवू नये. दिशादर्शकाचा अंबर प्रकाश हा अपवादांपैकी एक. आरशाच्या कवचावरून मागे दिसणारी निळी किंवा पांढरी पट्टी ह्या अपवादात बसत नाही. दिव्यांच्या मांडणीविषयीचे एआयएस-००८ हे मानक, १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेमार्फत प्रसिद्ध झालेले आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या १८२-अ ह्या कलमान्वये अनुज्ञेय नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. रंगांच्या बाबतीत शासनाची कठोरता अनाठायी म्हणता येणार नाही. १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या गाड्यांवरील तांबडे दिवे काढून टाकण्यात आले. निकडीच्या सेवांना खुणेचे दिवे राहिले. निळी पट्टी हौसेने लावणारा मनुष्य नकळत त्याच राखीव खुणेची किंमत कमी करीत असतो.

बांधणी पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा घेण्यास मोजमापाचे उपकरण नसले तरी चालते. दोन माणसे आणि एक अंधारी जागा पुरते. एकाने चालकाच्या जागी बसून दिशादर्शक चालू करावा. दुसऱ्याने दुचाकीस्वाराच्या डोळ्याच्या उंचीवर नजर ठेवून, गाडीच्या बगलेपासून मीटरभर अंतराने, आरशाच्या नऊ-दहा मीटर मागून सावकाश पुढे चालत यावे आणि दिवा कोठे मावळतो हे खडूने जमिनीवर टिपावे. एंजिन चालू ठेवून एकदा व बंद करून एकदा, अशी फेरी दोन्ही बाजूंना करावी. त्याच वेळी आत बसलेल्याने आरशातून त्या चालणाऱ्याकडे पाहत राहावे. चालणाऱ्याने अंगावर गडद कपडे घातलेले असावेत, आणि खिडकीच्या काचेवर आधी तांब्याभर पाणी शिंपडलेले असावे.